दोन तारे, एक इच्छा आणि शिडीवरचा सिक्स्टेन

मुलांनो, एक शाळा डोळ्यांसमोर आणा. एकमजली, लाल लाकडी भिंतींची, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. बाहेर नोव्हेंबर आहे. दुपारचे चारच वाजलेत, पण काळोख असा पडलाय की रस्त्यावरचे दिवे लागून तास होऊन गेला. आभाळातून जे पडतंय त्याला धड पाऊस म्हणता येत नाही, धड बर्फही म्हणता येत नाही. दारातून आत या. उजव्या हाताला बूट ठेवायची लांब मांडणी आहे. तिच्या पायथ्याशी टोपली, आणि टोपलीत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. ज्यांना बूट काढायचे नसतील त्यांनी त्या बुटांवर चढवायच्या. टोपलीशेजारी एक लाल यंत्र आहे. त्याची कागदी जीभ ओढली की नंबराची चिठ्ठी हातात येते. लिल्फोर्स गावात औषधाच्या दुकानात, बेकरीत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे असं यंत्र असतं. हातात चिठ्ठी नसली की इथल्या माणसाला आपण नक्की कुठे उभं राहायचं तेच सुचत नाही.

आणलंत सगळं? छान. आता मांडणीजवळच्या बाकावर एक मुलगी बसवा. वय अकरा, इयत्ता पाचवी, एका पायातला मोजा उलटा. तिचं नाव व्हेंडेला. तिच्या मांडीवर एक कागद आहे. कागदावर दोन तारे छापलेत आणि त्यांच्या खाली एक ढग. ताऱ्यांच्या पोटात लिहायचं, माझ्या लेखनात काय चांगलं आहे. ढगात लिहायची एक इच्छा, म्हणजे अजून काय जमायला हवं.

ढगाचं व्हेंडेलाला काही वाटत नव्हतं. ढगात लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. अडचण ताऱ्यांची होती.

पहिल्या ताऱ्यात तिने रविवारी लिहिलं होतं, ‘माझं अक्षर बरं आहे.’ मग तिला ते फुशारकीसारखं वाटलं, म्हणून तिने ‘बरं’ खोडून ‘वाचता येतं’ केलं. मग तेही जास्त वाटलं. सोमवारपर्यंत खोडरबराने ताऱ्याला भोक पडलं.

यात तिची चूक म्हणावी तर ती सबंध गावाची होती. लिल्फोर्समध्ये स्वतःला चांगलं म्हणणं म्हणजे भर बाजारात झोपायच्या पायजम्यात फिरण्यासारखं. तिच्या मम्माचं नाव मारित. ती चार नंबरची बस चालवायची. मागच्या हिवाळ्यात वादळात पुलावर सगळा बर्फाचा काचेसारखा थर असताना तिने बावीस माणसं पलीकडे सुखरूप नेली. वर्तमानपत्राचा बातमीदार घरी आला, तर मम्मा त्याला म्हणाली, “रस्ता तसा सरळच होता.” अशा घरात वाढलेल्या मुलीने स्वतःला दोन तारे द्यायचे कसे?

पण द्यायलाच हवे होते. पाचवीपासून वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची वीस मिनिटांची प्रगतीची भेट व्हायची. त्यात मोठ्यांनी ऐकायचं आणि मुलाने बोलायचं. कागदाच्या तळाशी नियम छापलेला होता: तारे विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावेत, न सांगितल्यास भेट पूर्ण झाली असं धरलं जाणार नाही, पुढची तारीख एप्रिलमध्ये.

व्हेंडेला म्हणाली, “मम्मा, एप्रिल चालेल ना गं?”

“मला काय, चालेल की,” मम्मा म्हणाली. ती बाकाशेजारी गणवेशात उभी होती आणि तिचा एक डोळा घड्याळावर होता. चार बेचाळीसची बस तिला काढायची होती. “पण एप्रिलमध्ये तरी तू काय वेगळं सांगणार आहेस?”

एवढ्यात कचेरीच्या खिडकीतून शाळेचा कारकून बेर्तिल डोकावला. बारीक माणूस, विणलेला बंडीसारखा स्वेटर, कानामागे पेन्सिल.

“तुम्ही दोघी आलात. गुनवोर वर्गात बसलीच आहे.” गुनवोर म्हणजे व्हेंडेलाची भाषेची शिक्षिका. “उरलेले तिघे चार वाजून पाचपर्यंत येतील.”

“कोण तिघे?” मम्माने विचारलं.

बेर्तिलने यादी नाकाजवळ धरली. “शिडीवरचा सिक्स्टेन. ग्रंथालयातली दाग्नी, कंसात शिंक. आणि लिफ्टमधलं एल्क.”

व्हेंडेलाचे कान तापले.

“फॉर्मवर विचारलं होतं ना,” ती हळूच म्हणाली, “‘या भेटीशी कोणाकोणाचा संबंध आहे?’ मी खरं ते लिहिलं.”

“खरं लिहिलंस हे चांगलंच केलंस,” बेर्तिल म्हणाला. “पत्ते मात्र अपुरे होते. ‘तिसरीची वही, पान चौदा.’ पिनकोड नाही, काही नाही. तरी मी सगळ्यांना रीतसर बोलावणं पाठवलं. एकतीस वर्षांत यादीतलं एक नाव मी गाळलेलं नाही.”

“अरे, पण ती गोष्टींमधली माणसं आहेत!” मम्मा म्हणाली.

“म्हणजे बोलवायचं नाही?” बेर्तिल दुखावला. “तू बसमध्ये बसलेल्यांना विचारतेस का, तू कुठला म्हणून? तिकीट आहे का, एवढंच विचारतेस ना?”

मम्माने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

तर ती माणसं कोण, ते सांगतो. व्हेंडेलाला गोष्टी लिहायला आवडायच्या, पण एकीचाही शेवट व्हायचा नाही. तिसरीत तिने सिक्स्टेन नावाचा रंगारी शिडीच्या नवव्या पायरीवर चढवला, त्याला छपरावर काहीतरी दिसलं, आणि व्हेंडेलाने वही मिटली. चौथीत तिने दाग्नी नावाच्या म्हातारीला ग्रंथालयात जुनं धुळकट पुस्तक उघडायला लावलं. दाग्नीला शिंक आली, ती ‘आ—’ म्हणाली, आणि व्हेंडेला जेवायला गेली ती गेलीच. एल्कची गोष्ट या सप्टेंबरमधली. एल्क म्हणजे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं रानातलं जनावर. ते चौथ्या मजल्यावर जायला लिफ्टमध्ये शिरलं, दार मिटलं, आणि तिथेच पान संपलं.

आणि रीतसर बोलावणं मिळाल्यावर लिल्फोर्सचा माणूस येत नाही असं कधी झालेलं नाही. मग तो वहीतला का असेना.

चार वाजून तीन मिनिटांनी बाहेरचं दार उघडलं आणि टक, टक, टक करत एक शिडी दोन पायांवर चालत आत आली. नवव्या पायरीवर लांब नाकाचा माणूस उभा होता. एका हाताने त्याने शिडी धरली होती, दुसऱ्या हातात ब्रश. त्याने मान वाकवली तरी त्याची टोपी चौकटीला घासलीच.

“पायात पिशव्या,” बेर्तिल म्हणाला.

“माझ्या की शिडीच्या?” वरून सिक्स्टेनने विचारलं.

बेर्तिलने विचार केला. “जमिनीला जे लागतंय त्याच्या.” आणि त्याने शिडीच्या दोन्ही पायांना निळ्या पिशव्या चढवल्या.

मागोमाग दाग्नी आली. नीटनेटकी, टोपीवर पीस, तोंड उघडं, नाक वर, डोळे अर्धे मिटलेले. बूट काढून तिने मांडणीवर अगदी सरळ रेषेत ठेवले. “नमस्का... आ...” ती म्हणाली, थांबली, रुमाल नाकाशी नेला, काहीच झालं नाही, रुमाल खाली आणला. “...र.” मग तिने यंत्राची चिठ्ठी ओढली. एकसष्ट.

त्यानंतर टिंग वाजलं. शाळा एकमजली होती आणि तिच्यात लिफ्ट नव्हती, पण मांडणीशेजारची भिंत दोन बाजूंना सरकली आणि आतून पिवळा उजेड आला. एल्क बाहेर आलं. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे इथे कोणी पाहत नसतं, आणि एल्कला तीच सवय लागली होती. ते छताकडे बघत उभं राहिलं.

“नगरपालिकेची परवानगी नाही या लिफ्टला,” बेर्तिल पुटपुटला आणि ते त्याने वहीत टिपून ठेवलं. मग तो खाली वाकला आणि गोंधळला. “माणशी एकच जोड द्यायचा असा नियम आहे.”

एल्कने आपल्या चार खुरांकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे.

“दोन दे रे त्याला,” मम्मा म्हणाली. “माझ्या वाटचा धर. मी बूट काढलेत.”

असं म्हटल्यावर ते नियमात बसलं. एल्कने तोंडाने बासष्ट नंबर ओढला. सिक्स्टेनचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याचा त्रेसष्ट बेर्तिलने काढून त्याच्या पँटच्या दुमडीत खोचला.

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी गुनवोरने वर्गाचं दार उघडलं. ती साठीला आलेली, रुंद चेहऱ्याची, कधीच घाई नसलेली बाई होती. तिने शिडीकडे पाहिलं, एल्ककडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, “खुर्च्या कमी पडणार. तुमच्यातले किती जण बसणारे आहात?”

टेबलावर कॉफीचा थर्मास होता आणि दालचिनीचे गोड पाव. दाग्नीला तोंड मिटता येत नव्हतं, त्यामुळे कॉफी नको झाली. सिक्स्टेनला हात मोकळा नव्हता. एल्कने छताकडे बघत बघत चार पाव खाल्ले.

“तर व्हेंडेला,” गुनवोर म्हणाली, “वीस मिनिटं तुझी. आधी तारे.”

व्हेंडेलाने कागद टेबलावर ठेवला. ताऱ्याच्या भोकातून टेबल दिसत होतं.

“आधी ढग सांगू?”

“सांग की.”

“मला शेवट करता येत नाही.”

“हे आम्हाला ठाऊक आहे बरं!” वरून सिक्स्टेन म्हणाला. “दोन वर्षं झाली.”

“मला एक व... आ...” दाग्नीने रुमाल वर नेला आणि खाली आणला. “वर्ष.”

“झालंच मग,” व्हेंडेला घाईने म्हणाली. “ढग भरला. ताऱ्यांचं नंतर बघू, एप्रिलमध्ये.”

“एप्रिल?” शिडी हादरली. “एप्रिलपर्यंत मी इथे उभा राहू?”

“कागद पूर्ण झाल्याशिवाय मला सही करता येत नाही,” गुनवोर म्हणाली. “आणि सही झाल्याशिवाय गोष्टीच्या वह्या तिला परत देता येत नाहीत. त्या कपाटात आहेत. वह्या नाहीत म्हणजे शेवट नाही. सिक्स्टेन, माझा इलाज नाही रे. नियम मी केलेला नाही.”

व्हेंडेलाने वर पाहिलं. नवव्या पायरीवरून सिक्स्टेन तिच्याकडे बघत होता. त्याचा डावा पाय बारीक थरथरत होता. आत्तापर्यंत एप्रिल म्हणजे तिला नुसती सुटका वाटत होती. एप्रिलपर्यंत किती दिवस उभं राहावं लागतं, याचा विचार तिने केला नव्हता.

“मला तारे सुचत नाहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला. “खरंच नाही सुचत.”

“पाहुण्यांना ताऱ्यांबद्दल बोलायची मुभा नाही,” गुनवोर म्हणाली. “पण तक्रार करता येते. फेरी घेऊ या? प्रत्येकाने आपापली अडचण सांगावी. मध्ये कोणी बोलायचं नाही.”

फेरी म्हटल्यावर सगळे सावरून बसले. जे उभे होते ते सावरून उभे राहिले.

“माझा गुडघा,” सिक्स्टेनने सुरुवात केली. “डावा. हलला की शिळ्या पावासारखा करकरतो. हे एक. दुसरं, अंगठा. त्याच्यावर पिवळा रंग वाळलाय. कड सुटलीय त्याची. ओढली की सोलून निघेल, सगळी एका झटक्यात. पण हात कुठे रिकामा आहे? दोन वर्षं मी त्या कडेकडे बघतोय. तिसरं, वारा. त्याला डांबराचा वास येतो आणि तो नेमका कॉलरच्या मागून आत शिरतो, जिथे बटण तुटलंय तिथून.”

“फार त्रास होतो?” मम्माने विचारलं. गुनवोरने तिच्याकडे पाहिलं, तशी ती गप्प झाली.

सिक्स्टेनने होकार दिला. पण कसा, तर ओठ आवळून त्याने जोरात हवा आत ओढली: “श्शुप.” उत्तरेकडचे लोक तसंच हो म्हणतात.

मम्मा खुर्चीत एकदम ताठ झाली.

“आता मी,” दाग्नी म्हणाली. “त्या पुस्तकाच्या धुळीला मिऱ्याचा आणि ओल्या लोकरीच्या मोज्यांचा वास आहे. तो माझ्या नाकात, इथे, उजव्या बाजूला, मुंगीसारखा चढतो. मुंगी वर आली की मी म्हणते ‘आ’. आणि मुंगी उतरते. पुन्हा चढते. बाई गं, मी शिकलेली बाई आहे, चारचौघांत अशी तोंड उघडून... आ...” रुमाल वर, रुमाल खाली. “...बसत नाही मी.”

एल्कची पाळी आली. एल्क काही बोललं नाही. ते फक्त थोडं डावीकडे सरकलं, जसं कोणी लिफ्टमध्ये आणखी एका माणसाला जागा करून देतं तसं, आणि दिलगिरीने खोकलं.

घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

व्हेंडेला मघापासून सिक्स्टेनच्या अंगठ्याकडे बघत होती. रंगाची कड खरंच सुटलेली होती. बघता बघता तिच्याच अंगठ्याला खाज सुटली. तिने मम्माकडे पाहिलं, तर मम्मा आपला अंगठा चोळत होती. गुनवोरने तर नाकाची उजवी बाजू दाबून धरली होती.

“सिक्स्टेन,” व्हेंडेलाने विचारलं, “शिळ्या पावासारखा करकरतो, हे तुला कोणी सांगितलं?”

“म्हणजे काय? तूच. तिसरी ओळ.”

“आणि बटणाचं?”

“चौथी ओळ. मी म्हणतो, तू नुसतं ‘वारा येत होता’ असं लिहिलं असतंस तर दोन वर्षं मी कशीही काढली असती. कसला वारा, कुठला वारा, मला कळलंसुद्धा नसतं. पण नाही! तुला बटणसुद्धा दिसायला हवं!”

“नियम!” गुनवोर म्हणाली. “हे ताऱ्याकडे जातंय, सिक्स्टेन.”

“छे, तक्रारच आहे ही,” सिक्स्टेन म्हणाला. “कडक तक्रार.”

व्हेंडेलाने पेन्सिल उचलली. ती बोलायला लागली तेव्हा टेबलाकडे बघत होती.

“मी... गुडघा नीट लिहिते.”

“फक्त गुडघा?” गुनवोरने विचारलं.

“अंगठासुद्धा. म्हणजे, ज्या गोष्टी लहान असतात त्या मला दिसतात. आणि मी लिहिल्या की वाचणाऱ्याला खाज सुटते.” ती थांबली. “थोडीफार.”

“‘थोडीफार’ ठेवायचं की खोडायचं?”

एल्कच्या पोटातले पाव ऐकू आले. मम्मा लाल झाली होती. स्वतःच्या पोटच्या मुलीने असं उघडउघड बोलावं आणि आपण समोर बसावं! “मी बाहेर जाऊन थांबू का?” तिने विचारलं.

“खोड,” व्हेंडेला म्हणाली.

गुनवोरने ताऱ्याच्या भोकाखाली एक कोरा कागद चिकटवला आणि ते लिहून घेतलं. चार वाजून तेवीस.

“एक झाला,” सिक्स्टेन वरून म्हणाला. “अजून एक. जमेल ना?” आणि स्वतःच स्वतःला उत्तर दिलं, “श्शुप.”

“हे!” मम्मा एकदम बोलली. फेरी संपली होती, म्हणून कोणी तिला अडवलं नाही. “हे कुठून आणलंस तू, व्हेंडेला? हे श्शुप?”

“तो असाच बोलतो.”

“असं मोरफार बोलायचे.”

मोरफार म्हणजे मम्माचे बाबा, व्हेंडेलाचे आजोबा. ते उत्तरेकडचे होते. व्हेंडेला सात वर्षांची असताना ते वारले.

“नुसतं तेवढंच नाही,” मम्मा म्हणाली. “उत्तरेकडचे सगळेच हवा ओढतात. पण मोरफार आधी ओठ आवळायचे, मग ओढायचे, आणि शेवटी त्यांची दातांची कवळी अशी टकदिशी... सिक्स्टेन, परत एकदा म्हणशील?”

“श्शुप,” सिक्स्टेन म्हणाला. शेवटी बारीक टक झालं.

मम्माने खिशातून बसची हातमोज्यांची जोडी काढली आणि उगाच पुन्हा आत ठेवली. “मी विसरले होते तो टक,” ती म्हणाली.

दाग्नीच्या नाकात मुंगी एकदा चढून उतरली.

“मी ऐकते,” मग व्हेंडेला म्हणाली. या वेळी ती टेबलाकडे बघत नव्हती. “कोण कसं बोलतं ते माझ्या लक्षात राहतं आणि मी ते तसंच लिहिते. दाग्नी दाग्नीसारखी बोलते. एल्क एल्कसारखं गप्प राहतं. हा दुसरा तारा. याच्यात ‘थोडंफार’ नाही.”

“नाही,” गुनवोर म्हणाली आणि लिहून घेतलं. चार वाजून सव्वीस. “आता ढग. तू म्हणालीस, शेवट करता येत नाही.”

“येतो.”

“येतो?”

“येतो, पण मी करत नाही.” व्हेंडेलाने पेन्सिलीचं टोक कागदात रुतवलं. “दुसरीत मी एका गोगलगायीची गोष्ट पूर्ण केली होती. ओर्यान नाव त्याचं. तो सबंध बाग पार करतो आणि मग... मी शेवट लिहिला, गुनवोर, तू त्यावर सही केलीस, आणि वही कपाटात गेली. त्यानंतर ओर्यान परत कधी आला नाही. आधी रोज शाळेत येताना मी त्याचाच विचार करायचे. शेवट केला की ते जातात. सिक्स्टेनचा शेवट केला की सिक्स्टेन जाईल. आणि मग श्शुप पण जाईल.”

मम्माने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, “मोजा उलटा घातलायस.”

“जाईल कुठे?” वरून सिक्स्टेनने विचारलं. “ओर्यान कुठे गेलाय असं वाटतंय तुला?”

“कुठे?”

“कुठे नाही! दुसरीच्या वहीतच आहे, आमच्या खालच्या कप्प्यात. कॉफी पितोय.”

“अजून?”

“शेवट काय लिहिला होतास? ‘मग ओर्यान घरी गेला आणि कॉफी प्यायला लागला.’ प्यायला लागला! बस. त्याने कधी थांबावं ते कुठे लिहिलंयस? तीन वर्षं झाली. पन्नास हजार कप झाले असतील. गोगलगायीला कॉफी मानवत नाही गं बाई. परवा तो शंखातून बाहेर धावत आला. धावत!”

“रात्रभर कपबशा वाज... आ...” दाग्नी म्हणाली, “...तात. झोप नाही आम्हाला.”

एल्कने छताकडे बघत खेदाने मान हलवली.

“तेव्हा शाळेची बेल झाली होती,” व्हेंडेला पुटपुटली. “काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं मी.”

“कोणी कुठे जात नाही,” सिक्स्टेन म्हणाला. “तू सोडशील तिथे राहतो आम्ही. मला नवव्या पायरीवर सोडलंस, मी नवव्या पायरीवर. त्याला कॉफीत सोडलंस, तो कॉफीत. मला तक्रार सांगायला बोलावलं होतं ना? तर माझी तक्रार एवढीच आहे. मला कुठेतरी बऱ्या जागी सोड.”

चार वाजून अठ्ठावीस. दारावर टकटक झाली. “पुढचं कुटुंब आलंय,” बाहेरून बेर्तिलचा आवाज आला. “मी काही म्हणत नाही. फक्त सांगतोय.”

गुनवोरने ढगावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. दोन मिनिटं राहिली असताना तिच्याइतकी शांत वाट पाहणारं माणूस त्या गावात दुसरं नव्हतं.

व्हेंडेलाने कागद स्वतःकडे ओढला आणि ढगात स्वतःच्या हाताने लिहिलं. एकदाच लिहिलं, खोडलं नाही. मग वाचून दाखवलं.

“‘ज्यात माणसाला राहता येईल असा शेवट मला लिहायचा आहे.’”

“श्शुप,” सिक्स्टेन म्हणाला. टक.

गुनवोरने सही केली, चार वाजून तीस मिनिटांनी, ना एक क्षण आधी, ना एक क्षण नंतर. मग उठून तिने कपाट उघडलं आणि वह्यांचा गठ्ठा व्हेंडेलाच्या हातात दिला. तळच्या वहीला कॉफीचा वास येत होता.

सगळे बाहेर आले. शिडी टक टक करत आली, एल्क अंग चोरून आलं, दाग्नी रुमाल धरून आली. पुढचं कुटुंब त्यांच्या बाजूने आत गेलं आणि कोणाकडे टक लावून न बघता म्हणालं, “नमस्कार.”

“बस चार बेचाळीसला आहे,” मम्मा म्हणाली. “स्टॉपपर्यंत चार मिनिटं. म्हणजे तुझ्याकडे आठ आहेत.” असं म्हणून ती बाकाच्या टोकाला बसली आणि लेकीला जागा करून दिली.

“आधी मला घे,” सिक्स्टेन म्हणाला. “गुडघा...”

“तुझा नंबर त्रेसष्ट आहे,” बेर्तिल खिडकीतून म्हणाला.

सिक्स्टेनने ब्रश खाली केला. रांग म्हणजे रांग, हे त्यालाही पटलं.

व्हेंडेलाने वह्या बाकावर ठेवल्या. बसण्याआधी ती लाल यंत्रापाशी गेली आणि आणखी एक चिठ्ठी ओढली. चौसष्ट. ती तिने दुसरीच्या वहीत, ओर्यानच्या शेवटच्या ओळीपाशी नीट घालून ठेवली. मग ती मम्माशेजारी बसली, मोजा सुलटा केला, चौथीची वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं, आणि शाळेच्या त्या दालनात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“एकसष्ट.”